हंगाम कोणाचा?

डिचोलीच्या नव्या सोमवारी रात्रभर गाण्याच्या बैठकी चालतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात चहाच्या पेल्याबरोबर एकच वाद रंगतो : काल बाजी कोणी मारली? पेडण्याकडे जत्रेत दशावतार झाला, की हाच वाद निराळ्या रूपाने उभा राहतो. कोणी राजाच्या भूमिकेचे गुण गातो. कोणी म्हणतो, स्त्रीपार्टीने नाटक तोलून धरले. आणि एखादा वृद्ध जाणकार हळूच सांगतो की, बाबांनो, मृदंगाचा हात चुकला असता तर या दोघांचेही काही खरे नव्हते. वाद मिटत नाही. तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नसते.

हाच वाद खेळाच्या मैदानावर आला म्हणजे त्याला अधिक धार चढते, कारण तेथे आकडे असतात. गवयाच्या तानेची मोजदाद करता येत नाही, पण गोलांची करता येते. म्हणून आपल्याला वाटते की, अमुक संघात अमुक हंगामात सर्वांत उत्तम कोण खेळला, या प्रश्नाचे उत्तर सोपे असले पाहिजे. गोलांचा तक्ता काढावा, वरचे नाव वाचावे आणि मोकळे व्हावे. प्रत्यक्षात हा तक्ता वाद मिटवण्याऐवजी वाढवतो. तो का वाढवतो, आणि त्या वाढीतून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळते, याचा विचार आज आपल्या डिचोलीशी जन्माचे नाते असलेल्या एका संघाच्या निमित्ताने मी करणार आहे.

प्रथम हॉकीकडे पाहू, कारण या वादाचे सर्वांत गाजलेले नमुने आपल्या देशात हॉकीने पुरवले आहेत. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने झाले. हॉकीसाठी तेथे तीनच संघ उतरले होते. भारताने जपानला ११-१ असे आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले. दोन सामन्यांत मिळून पस्तीस गोल झाले. त्यांतले पंचवीस गोल दोघा सख्ख्या भावांचे होते : ध्यानचंदचे बारा आणि धाकट्या रूपसिंगचे तेरा. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात तर रूपसिंगने दहा आणि ध्यानचंदने आठ गोल केले. म्हणजे त्या स्पर्धेपुरता तक्ता वाचला तर वरचे नाव रूपसिंगचे आहे. तरीही आज आपल्या मुलाबाळांना ध्यानचंद ठाऊक असतो, आणि रूपसिंग हा त्याचा भाऊ म्हणून ठाऊक असतो.

हा अन्याय म्हणावा काय? पूर्णपणे तसे म्हणता येणार नाही. ध्यानचंदने १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताच्या एकोणतीस गोलांपैकी चौदा केले होते, आणि १९३६ साली बर्लिनला तो संघाचा कर्णधार होता. लोकांनी निकाल दिला तो त्याच्या साऱ्या कारकिर्दीवर. पण प्रश्न जर १९३२ च्या स्पर्धेचा असेल, तर कारकिर्दीचे उत्तर तेथे लागू पडत नाही. सर्वोत्तम खेळाडू कोण, हा एक प्रश्न. आणि सर्वोत्तम हंगाम कोणाचा, हा दुसरा. हे दोन प्रश्न आपण नेहमी एकमेकांत मिसळतो, आणि निम्मे वाद या मिसळण्यामुळेच उत्पन्न होतात.

दुसरा नमुना १९५२ सालचा, हेलसिंकीचा. भारताने तीन सामन्यांत तेरा गोल केले आणि त्यांतले नऊ एकट्या बलबीरसिंगचे होते. अंतिम सामन्यात हॉलंडवर ६-१ असा विजय मिळाला, त्यांतले पाच गोल त्याचे. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? पण त्या संघाचा कर्णधार कुंवर दिग्विजयसिंग ऊर्फ ‘बाबू’ याला पुढील वर्षी आशियातील श्रेष्ठ क्रीडापटू म्हणून हेल्म्स करंडक देण्यात आला. ज्याने गोल केले त्याला तो मिळाला नाही; ज्याच्या काठीतून गोलाच्या वाटा निघत होत्या, त्याला मिळाला. पाहणाऱ्यांनी गोलापूर्वीचा खेळ मोजला होता. तो कोणत्याही तक्त्यात नसतो.

आणि तिसरा नमुना आपल्या घरचा. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताच्या संघाने पाच सामन्यांत पंचवीस गोल केले आणि अवघे दोन स्वीकारले. त्या संघाचा एक गोलरक्षक लिओ पिंटो हा मुंबईत खेळणारा, वंशाने गोमंतकीय. त्या वेळी गोमंतक पोर्तुगीज अमलाखाली होता, पण गोमंतकीयाच्या अंगावर भारताचा पोशाख होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. पंचवीस गोल कोणी केले याची चर्चा पुष्कळ होते. दोनच का झाले, हा प्रश्न मात्र क्वचित कोणी विचारतो. न झालेल्या गोलाला धनी नसतो.

गोमंतकाच्या भूमीवर मात्र हॉकीपेक्षा फुटबॉल अधिक खोल रुजला. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने तो बारदेशात, शिवोलीला आणला. शिवोली म्हणजे शापोरा नदीचा अलीकडचा काठ. पलीकडे पेडण्याचे चोपडे. नदीचे पात्र काही फार मोठे नव्हे. पण चेंडूला ते ओलांडायला पुष्कळ वर्षे लागली. बारदेश, तिसवाडी आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत चर्च होते, चर्चच्या शाळा होत्या आणि त्या शाळांपुढे मोकळी पटांगणे होती. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेथील गावांत देवळाचा मांड होता, भजन होते, दशावतार होता. गावच्या पोराला नाव मिळवायचे तर ते पखवाजावर किंवा रंगभूमीवर मिळवायचे, ही तेथली रीत. फुटबॉल हा ‘त्यांचा’ खेळ मानला जाई.

ही रीत बदलण्यास एक मोठे कारण झाले ते म्हणजे लोखंड. डिचोली महालाच्या डोंगरांत खनिज होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडून त्याला मागणी आली. डोंगर फोडले जाऊ लागले, मांडवीतून बार्जांची ये-जा सुरू झाली, आणि ज्या गावांत भातशेती व कुळागरे यांखेरीज उत्पन्नाचे साधन नव्हते तेथे महिन्याच्या महिन्याला रोख पगार येऊ लागला. पगाराबरोबर सुटीचा दिवस आला, आणि सुटीच्या दिवसाबरोबर मैदान. याच काळात गोमंतकात फुटबॉलची साखळी स्पर्धा सुरू झाली. १९५९ साली गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. आणि गोवा मुक्त झाला त्या सुमारास डिचोलीत एक क्रीडामंडळ उभे राहिले. पोर्तुगीज धाटणीचे नाव धारण करणारे हे डिचोलीचे मंडळ पुढे साठीच्या दशकात धेंपो उद्योगसमूहाने आपल्याकडे घेतले. तोच आजचा धेंपो स्पोर्ट्‌स क्लब. त्याचे ठाणे पुढे पणजीला गेले, त्याचे सामने मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर होऊ लागले, पण कुळाचे मूळ गाव विचारले तर उत्तर डिचोली असेच द्यावे लागते.

खाणमालकांनी फुटबॉलचे संघ का पोसले, याची कारणे अनेक असतील. कंपनीचे नाव गाजते, कामगारांत एकोपा राहतो, आणि चांगला खेळणाऱ्या मुलाला नोकरी देता येते. साळगावकर, सेझा या नावांमागेही हाच इतिहास आहे. परिणाम एवढा खरा की, ज्या प्रदेशाची लोकसंख्या मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढी, त्या प्रदेशातून देशातील बलाढ्य संघ निघू लागले.

या संघांच्या मोठेपणाची पहिली पावती गोव्याच्या राज्यसंघाने आणली. १९८२-८३ च्या हंगामात गोवा आणि बंगाल संतोष करंडकाचे संयुक्त विजेते ठरले, आणि पुढल्याच हंगामात गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला १-० असे हरवून तो करंडक एकट्याच्या बळावर जिंकला. कर्णधार होता गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर. त्या स्पर्धेत ५७६ मिनिटे त्याने आपल्या जाळीत चेंडू येऊ दिला नाही. त्या हंगामाचे नाव काढले की गोमंतकात आजही ब्रह्मानंदचेच नाव निघते. गोल करणाऱ्यांची नावे त्यानंतर येतात. म्हणजे न झालेल्या गोलालाही क्वचित धनी मिळतो. त्याला १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. लोकांचा निकाल मात्र त्याआधी कितीतरी वर्षे लागून गेला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. धेंपो संघाने राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पाच वेळा मिळवले : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पहिली दोन राष्ट्रीय फुटबॉल लीग या नावाने चालणाऱ्या स्पर्धेत, पुढची तीन तिची जागा घेणाऱ्या आय-लीगमध्ये. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. या पाच हंगामांत धेंपोचा सर्वांत उत्तम खेळाडू कोण, आणि त्याचा सर्वांत उत्तम हंगाम कोणता? गोमंतकातील कोणत्याही चहाच्या दुकानात हा प्रश्न टाकून पाहावा. संध्याकाळ सुखाने निघून जाते.

पहिले नाव बहुधा रँटी मार्टिन्सचे येईल. हा नायजेरियाचा खेळाडू २००४ मध्ये धेंपोकडे आला आणि २०१२ पर्यंत राहिला. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये चौदा संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वीस सामने होते, आणि रँटीने एकट्याने बत्तीस गोल केले. सामन्यामागे एकाहून अधिक गोल, तेही एक-दोन आठवडे नव्हे, तर सबंध हंगामभर! आणि धेंपो विजेता ठरला. असा हंगाम समोर असताना वाद कसला, असे कोणीही विचारील.

वाद आहे तो असा. २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत राष्ट्रीय साखळीचे आठ हंगाम झाले. या आठही हंगामांत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू गोव्याच्याच कोणत्या ना कोणत्या संघाचा होता, आणि प्रत्येक वेळी तो नायजेरियाचा होता. ही एक विलक्षण गोष्ट आहे. पण तिच्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. २००४-०५ साली सर्वाधिक, म्हणजे एकवीस गोल डुडू ओमाग्बेमीने केले. तो होता स्पोर्टिंग क्लबचा. विजेता मात्र धेंपो. २००५-०६ साली रँटीने तेरा गोल करून पहिला क्रमांक मिळवला, पण करंडक मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेला. २००६-०७ साली अठरा गोलांसह पहिला आला चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, विजेता धेंपो. २००७-०८ साली पुन्हा ओडाफा, बावीस गोल. धेंपो आणि चर्चिल यांचे गुण समसमान, प्रत्येकी छत्तीस. गोलफरकावर विजेता धेंपो. २००८-०९ साली पुन्हा ओडाफा, आणि या वेळी त्याचा चर्चिल विजेता. २००९-१० साली ओडाफाच, बावीस गोल, विजेता धेंपो. २०१०-११ साली रँटी पहिला, विजेता साळगावकर. आणि २०११-१२ साली रँटी पहिला व धेंपोही पहिला.

आता हा हिशेब जुळवून पाहा. धेंपोच्या पाच विजेतेपदांपैकी चार अशा हंगामांत आली, ज्यांत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू दुसऱ्या संघात होता. उलट, रँटी सबंध देशात पहिला आला अशा तीन हंगामांपैकी दोनांत धेंपोला करंडक मिळाला नाही. आठ हंगामांत केवळ दोन वेळा गोलांचा तक्ता आणि गुणांचा तक्ता यांच्या माथ्यावर एकच संघ होता. तेव्हा सर्वाधिक गोल करणारा माणूस संघाला विजेता करतो, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही.

मग विजेता कशाने होतो? पाच हंगामांत बदलले काय आणि टिकले काय, हे पाहिले म्हणजे उत्तराचा माग लागतो. प्रशिक्षक टिकला. आणि टिकला तो गोमंतकीय खेळाडूंचा गाभा. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बगलेवर क्लिफर्ड मिरांडा, बचावफळीत समीर नाईक, आणि पुढील वर्षांत त्याच्या जोडीला महेश गवळी. यांच्या नावावर गोल थोडे. क्लायमॅक्स हा प्रतिपक्षाचे आक्रमण मध्येच तोडणारा. त्याने तोडलेले आक्रमण कोठल्याही रकान्यात मांडले जात नाही. समीर नाईक योग्य जागी उभा राहिला म्हणून समोरच्याने चेंडू दुसरीकडे वळवला, तर ती घटना घडली हेच प्रेक्षकांपैकी बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. पेडण्याच्या त्या वृद्ध जाणकाराने म्हटले तसा हा मृदंगाचा हात आहे. चुकला तरच ऐकू येतो.

येथे आपल्याकडील वाद निराळे वळण घेतो, आणि ते वळण मला चिंतेचे वाटते. एक पक्ष म्हणतो : बाहेरून आणलेल्या खेळाडूने गोल केले म्हणून त्याला डोक्यावर घेता, आणि आपल्या मुलांनी वर्षानुवर्षे घाम गाळला त्याचे नावही काढत नाही. दुसरा पक्ष म्हणतो : गोल नसते तर तुमची मुले घाम गाळून घरी परतली असती. दोहोंतही तथ्य आहे. पण ‘आपला’ आणि ‘परका’ या शब्दांनी वाद लढवला जाऊ लागला, की खेळाचा प्रश्न बाजूला राहतो आणि कुळाचा प्रश्न पुढे येतो. एके काळी फुटबॉलच आपल्या नव्या काबिजादीत परका होता, हे आपण विसरतो. म्हणूनच मला आता एका अशा खेळाडूची आठवण करून द्यायची आहे, ज्याच्यापुढे हे दोन शब्द निरर्थक होतात.

क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा खेळाडू. २००३-०४ च्या राष्ट्रीय साखळीत कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून त्याने पंधरा गोल केले आणि गोलांच्या तक्त्यात तो पहिला आला. ईस्ट बंगालही त्या वर्षी विजेता ठरला. पुढल्या हंगामासाठी धेंपोने त्याला गोव्यात आणले. २००४ च्या डिसेंबरात बंगळुरास फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. तारीख ५ डिसेंबर. धेंपोने सामना २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल क्रिस्तियानोने केले. दुसरा गोल करीत असताना धावत पुढे आलेल्या प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळीत गेला आणि हा जमिनीवर कोसळला. तो पुन्हा उठला नाही. रुग्णालयात नेल्यावर त्याचा मृत्यू झाल्याचे घोषित करण्यात आले. वय पंचवीस वर्षे.

श्रोतेहो, त्या दिवशी धेंपोच्या मुलांना करंडक मिळाला. तो त्यांनी कोणत्या मनाने हाती घेतला असेल, याची कल्पना आपण करावी. थोड्याच दिवसांत राष्ट्रीय साखळीला आरंभ झाला. ज्याच्या भरवशावर आघाडीची फळी बांधली होती, तो माणूस नव्हता. तरीही त्या हंगामाच्या अखेरीस पहिला क्रमांक धेंपोचा होता. दुसरा स्पोर्टिंगचा, तिसरा ईस्ट बंगालचा. धेंपोच्या पाच विजेतेपदांतील हे पहिले.

आता सांगा, त्या २००४-०५ च्या हंगामात धेंपोचा सर्वोत्तम खेळाडू कोण? गोलांच्या हिशेबाने क्रिस्तियानोचे नाव साखळीच्या तक्त्यात येणारच नाही. तो त्या साखळीत धेंपोकडून एकही सामना खेळला नाही. सातत्याच्या हिशेबाने तो बाद होतो, कारण त्याचा हंगाम काही महिन्यांत संपला. त्याच्या पश्चात ज्यांनी संघ सावरला त्यांचा हक्क मोठा आहे, यात शंका नाही. क्लायमॅक्स, क्लिफर्ड, समीर आणि त्यांच्या वयाच्या मुलांनी आपल्या डोळ्यांदेखत सोबती गमावला होता, आणि त्यानंतर त्यांना आठवड्यामागून आठवडे मैदानात उतरावयाचे होते. त्यांच्यापैकी कोणालाही त्या हंगामाचा मानकरी म्हटले तर मी हरकत घेणार नाही.

पण संघाने स्वतः दिलेला एक निकाल आहे, आणि तो मला तक्त्यापेक्षा मोलाचा वाटतो. धेंपोने क्रिस्तियानोचा दहा क्रमांकाचा अंगरखा त्याच्यानंतर कोणालाही न देण्याचे ठरवले. फुटबॉलमध्ये दहा हा मानाचा क्रमांक. संघातील कुशल खेळाडूला तो मिळावा अशी रीत. पुढे धेंपोच्या आघाडीवर एकाहून एक खेळाडू आले, बत्तीस गोलांचा हंगाम घडला, चार विजेतेपदे आली. दहा क्रमांकाची जागा मात्र त्याच्यासाठी राखलेली राहिली. जो संघात सर्वांत थोडा काळ होता, त्याची जागा संघात सर्वांत दीर्घ काळ टिकली. ब्राझीलहून आलेला, कोलकात्यात नाव मिळवलेला, गोव्यात काही महिनेच राहिलेला हा तरुण डिचोलीच्या जुन्या मंडळाच्या वारसदार संघाचा कायमचा आप्त झाला. तो ‘आपला’ झाला तो जन्माने नव्हे. आपल्या रंगाचा अंगरखा अंगावर असताना त्याने जे दिले, त्यामुळे झाला.

एवढे पाहिल्यावर प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळणे बरे नव्हे. माझे उत्तर असे. एका हंगामापुरता, मैदानावरील कामगिरीपुरता विचार करावयाचा तर रँटी मार्टिन्सचा २०११-१२ चा हंगाम धेंपोच्या इतिहासात सर्वोत्तम मानावा. त्या एकाच वर्षी गोलांचा हिशेब आणि गुणांचा हिशेब यांनी धेंपोच्या बाजूने एकमुखाने साक्ष दिली आहे, आणि बत्तीस गोलांपुढे दुसऱ्या कोणाचा दावा उभा राहत नाही. परंतु संघ घडवणारा कोण, असा प्रश्न असेल तर मी गोलांचा तक्ता बाजूला ठेवीन आणि पाचही विजेतेपदांच्या काळात संघाचा कणा झालेल्या गोमंतकीय मुलांची नावे घेईन. आणि संघाने कोणाला विसरू नये, असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर दहा या क्रमांकावर लिहिलेले आहे. प्रश्न तीन आहेत. त्यांना एकच उत्तर शोधायला गेलो म्हणजे भांडण होते; प्रत्येकाला त्याचे उत्तर दिले म्हणजे तिघांनाही न्याय मिळतो.

या साऱ्या वादाचा इतिहासाला काय उपयोग, असेही कोणी विचारील. उपयोग असा की, मोठ्या घडामोडी कागदावर राहतात. संघाचे एक वर्ष मात्र माणसांच्या वादातच जिवंत राहते. ज्या खनिजाने डिचोलीत फुटबॉलला बळ दिले, त्याचा व्यवसाय धेंपो समूहाने २००९ साली विकून टाकला. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि मांडवीतील बार्जा थांबल्या. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तो २०२४-२५ च्या हंगामात. मधल्या वर्षांत ज्यांनी या संघाचा वैभवकाळ जिवंत ठेवला ते कोणी इतिहासकार नव्हते. बाजारात, बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर बसून ‘रँटी मोठा की क्लायमॅक्स’ म्हणून तावातावाने भांडणारे ते साधे लोक होते.

म्हणून, श्रोतेहो, पुढच्या वेळी घरातील मुले हा वाद घालू लागली तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्यात बसा. गोल किती झाले हे ती सांगतील. किती झाले नाहीत, आणि ते कोणामुळे, हे तुम्ही विचारा. आणि दहा क्रमांकाची गोष्ट त्यांना ठाऊक नसेल, तर ती तुम्ही सांगा.